मावशींचं मत

टोरोंटोच्या कडेला, स्कारबरोतला बर्फ उशिरा का होईना, एप्रिलात वितळतो. पण आमच्या घरमालकीणबाई एकदा एका बाजूला बसल्या आणि मग तिथून तसूभर हलल्या, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं भाड्यानं राहिले. तेवढ्या काळात त्यांनी बदललेली एकच गोष्ट मला आठवते, ती म्हणजे कालवणात रावसाऐवजी सामन घालायला लागल्या. तेही मला बजावून, "रावस ताजा मिळत नाही म्हणून घालतेय गो. सामन चांगला असतो म्हणून नाही."

सगळे त्यांना मावशी म्हणत. रेवदंड्याजवळच्या बेने इस्रायली घरातल्या त्या. म्हणजे धर्मानं ज्यू आणि बोलण्यानं अस्सल अलिबागकडच्या. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लावायचा आणि शनिवारी चूल बंद, हा नेम त्यांनी कोकणातून बफेलोला आणि बफेलोहून स्कारबरोला जसाच्या तसा आणला होता. तरुणपणी नर्स होऊन त्या अमेरिकेत गेल्या, तीसेक वर्षं बफेलोच्या एका हॉस्पिटलात राबल्या, तिथल्या नागरिक झाल्या, आणि नवरा वारल्यावर धाकट्या बहिणीच्या सोबतीला सीमेच्या अलीकडे, कॅनडात आल्या. पुढे बहीणही गेली. मावशींकडे उरलं ते बहिणीचं घर आणि अमेरिकेचं मत. परदेशात राहिलं तरी अमेरिकेच्या नागरिकाला टपालानं मत देता येतं, आणि तिकडे अध्यक्षपदाची निवडणूक आली की स्कारबरोतल्या त्या बंगलीत प्रचाराची धामधूम सुरू व्हायची. प्रचारक एक, मतदारही एकच.

मत कुणाला, हा प्रश्नच नसायचा. मावशी कडव्या कॉन्झर्व्हेटिव्ह. मी एकदा बोलता बोलता त्यांना पुराणमतवादी म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यातलं पुराण काढ आणि नुसतं मतवादी म्हण." टीव्हीवर मात्र त्या कायम विरुद्ध बाजूचं चॅनल लावायच्या. आपल्या बाजूचं ऐकून काय करायचं, ते मला पाठ आहे, असं त्यांचं म्हणणं. निवेदक बोलायला लागला की मावशी लसूण सोलता सोलता त्याला उत्तरं द्यायच्या, आणि तो जाहिरातीसाठी थांबला की "पळाला!" म्हणायच्या. त्यांच्या उमेदवाराचा उद्धट स्वभाव त्यांना मान्य होता. "माणूस गोड आहे असं मी कधी म्हटलं? मला काय त्याच्याशी सोयरीक करायची आहे?" पण सरकार म्हणजे पाहुणा, त्याला ओटीवर बसवावं, चहा द्यावा, कपाटाच्या किल्ल्या देऊ नयेत, यावर त्या ठाम होत्या. रांगेत अकरा वर्षं उभं राहून मिळवलेल्या नागरिकत्वाच्या कागदांचा त्यांना अभिमान होता, आणि रांग मोडणाऱ्याची बाजू घेणारा माणूस त्यांना स्वतःचा अपमान करतोय असं वाटे.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींत मावशींच्या बाजूचं जवळजवळ कुणी नव्हतं. गुरुवारी दुपारी चहाला चार-पाच बायका जमायच्या. त्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, "मावशी, तुम्ही शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आयुष्यभर नोकरी केलेल्या बाई. तुम्ही असं मत कसं देता?"

"शिकले म्हणूनच," मावशी म्हणाल्या. "नाहीतर तुमचंच ऐकलं असतं."

त्यानंतरच्या गुरुवारी कुणी आलं नाही. मावशींनी पाच जणींचे पोहे केले होते. मी ऑफिसातून घरी आले तर डबे भरून ठेवलेले. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तशी त्यांनी हात वर केला. "आमच्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद ठेवायचे. अख्खा गाव 'शनवार तेली' म्हणून हसायचा. हसला तर हसला! चार लोक हसतात म्हणून कुणी घाणा चालू केला नाही." मी मान डोलावली. मी नेहमीच डोलवायचे. माझी मतं मावशींच्या अगदी उलट होती, पण भाडेकरूनं घरमालकिणीशी वाद घालू नये असं मला नाशिकहून निघतानाच शिकवलं होतं, आणि कालवणही चांगलं असायचं.

पण गुरुवारच्या बायका गेल्या त्याचं मावशींना फार वाटलं नव्हतं. खरं दुखणं नाओमीचं होतं. नाओमी त्यांची नात. मुलगी-जावई कॅलगरीला, आणि नाओमी टोरोंटोत युनिव्हर्सिटीत शिकायला. दर शुक्रवारी ती जेवायला यायची. मावशी मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं. जन्म बफेलोचा असल्यानं तीही अमेरिकेची नागरिक. यंदा तिचं पहिलंच मत. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी मावशींनी आपल्या उमेदवाराचं काहीतरी कौतुक केलं आणि नाओमीनं चमचा खाली ठेवला.

"Aaji, it's my life they're deciding about. Mine. Not yours."

"माझं आयुष्य संपलंय असं म्हणायचंय का तुला?"

"I'm saying I can't sit at this table and be polite about it."

"मग पोलाइट नको राहू. भांड की!"

नाओमीला भांडायचं नव्हतं. तिनं जाकीट चढवलं आणि ती गेली. पुढचे पाच शुक्रवार तिचं ताट मांडलं जायचं आणि तसंच उचललं जायचं. मावशींनी फोन केला नाही. "मी चुकले असते तर केला असता," एवढंच म्हणाल्या.

अशात ऑक्टोबरात टपालानं दोन पाकिटं आली. एक मावशींच्या मतपत्रिकेचं आणि एक नाओमीच्या. पोरगी दरवर्षी खोली बदलायची, म्हणून तिनं पत्ता आजीचा दिला होता. मावशींनी आपलं पाकीट टेबलावर ठेवलं आणि नाओमीचं फ्रिजवर. ते तिथे दहा-बारा दिवस पडून राहिलं. मीही पाहिलं, बोलले मात्र नाही. मग एका संध्याकाळी समोरचे देशपांडे काका आले. गल्लीत मावशींशी सहमत असणारा हा एकुलता एक माणूस. चहा पिता पिता त्यांची नजर वर गेली.

"नातीचं का? तुमच्या विरुद्धच जाणार ना ते?" काका हसले. "मग राहू द्या की फ्रिजवरच. आणखी थोडे दिवस गेले की आपोआप बाद. तुम्ही काही केलं असंही नाही."

मावशींनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. चहा अर्धा शिल्लक होता.

"देशपांडे, तिचं मत चुकीचं आहे. सपशेल चुकीचं आहे. पण ते तिचं आहे. असं पाकीट दाबून मी जिंकणार असेन, तर इतकी वर्षं मी बोंबलतेय ते कशासाठी? उठा."

काका खरोखरच उठले. अशा रीतीनं मावशींनी गल्लीतला शेवटचा समर्थकही घालवला. दार लावून त्या माझ्याकडे वळल्या. "टपालानं आता दोन्ही पाकिटं वेळेवर पोचणार नाहीत. बफेलोला हातानं नेऊन द्यायला हवीत. तुझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे ना?" तो होता. कंपनीनं एका मीटिंगसाठी काढला होता. "मग शुक्रवारी सुट्टी टाक. आणि नाओमीला मेसेज कर." त्या सांगत गेल्या आणि मी इंग्रजीत टाइप करत गेले: तुझी मतपत्रिका इथे आहे. शुक्रवारी सकाळी सात वाजता गाडी तुझ्या दारात येईल. पेन आण. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. आजी.

उत्तर आलं, "K."

"हे काय?"

"ठीक आहे म्हणतेय, मावशी."

"एवढी फी भरून एकच अक्षर शिकवलं?" असं म्हणाल्या खऱ्या, पण गुरुवारी रात्री त्यांनी बटाटेवड्यांसाठी बटाटे उकडून ठेवले.

शुक्रवारी मी गाडी चालवत होते, मावशी माझ्या शेजारी आणि नाओमी मागे. वाटेत हॅमिल्टन आलं. मग मागून कागद फाडल्याचा आवाज आला. नाओमीनं मतपत्रिका मांडीवर घेतली होती आणि परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून धरतात तसा हात आडवा धरला होता. मावशींनी समोरची सावलीची झडप वर सरकवली, कारण तिच्यात आरसा होता. "मी बघत नाहीये," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. थोड्या वेळानं मावशींनी बटाटेवड्यांचा डबा खांद्यावरून मागे धरला. डबा बराच वेळ तसाच हवेत राहिला. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात, पण खाली आला नाही. शेवटी नाओमीनं डबा घेतला.

पुलावर सीमेच्या अधिकाऱ्यानं खिडकीत वाकून विचारलं, कशासाठी चाललात?

"To vote," मावशी म्हणाल्या, आणि अंगठ्यानं मागे दाखवलं. "And she is coming to cancel me."

अधिकारी हसला. नाओमी हसली नाही, पण मी आरशात पाहिलं, तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

बफेलोच्या निवडणूक कार्यालयात काउंटरपर्यंत पोचल्यावर मावशींनी नाओमीच्या हातातलं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. मी क्षणभर धास्तावले. त्यांनी ते तिच्यासमोर काउंटरवर ठेवलं आणि बोट टेकवलं. "सही राहिली. सहीशिवाय बाद करतात. नीट कर, पासपोर्टवर आहे तशी." नाओमीनं सही केली. मग दोघींची पाकिटं एकामागोमाग पेटीच्या एकाच फटीत गेली. बाहेर येऊन मावशी म्हणाल्या, "झालं. आता दोघी घरी बसलो असतो तरी चाललं असतं," आणि ताठ मानेनं गाडीत जाऊन बसल्या.

येताना पुलावर मोठी रांग होती. स्कारबरोत पोचता पोचता सूर्य कलला. मावशी नातीला जेवायला थांब म्हणाल्या नाहीत. नाओमी सबवे स्टेशनपाशी उतरली, मला म्हणाली, "Thanks for the ride," आणि आजीकडे एकदा बघून गेली. दिवा वेळेत लागला. जेवायला आम्ही दोघीच होतो.

पुढच्या बुधवारी सकाळी निकाल कळला. मावशींचा उमेदवार जिंकला होता. मला वाटलं, आता वर ढोल वाजणार. मी पायऱ्या चढून गेले तर टीव्ही बंद, आणि मावशी कणिक मळत होत्या. माझा उतरलेला चेहरा त्यांनी पाहिला की नाही, कोण जाणे. "पोरगी रडत असेल," एवढंच म्हणाल्या. मी गाडी काढू का विचारलं, तर नको म्हणाल्या. "तू ऑफिसला जा. हे माझं काम." मग त्या दुखरे गुडघे घेऊन दोन बसगाड्या आणि एक सबवे करत नातीच्या खोलीवर गेल्या. तिथे काय झालं ते मला नंतर नाओमीनंच सांगितलं. तिनं दार उघडलं, डोळे सुजलेले. दारात आजी, हातात चपात्या आणि कालवण. "मी सॉरी म्हणायला आलेली नाही," आजी म्हणाली. "मत दिलं ते दिलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. जेवायला घालायला आलेय." नाओमी म्हणाली, "I'm still so angry with you." तर आजी म्हणाली, "रागाव. पण गरम आहे तोवर खा."

त्या दुपारी नाओमी जेवली, आणि मग भांडली. दोन तास भांडली, मुद्द्यांसकट. मावशी संध्याकाळी घरी आल्या त्या दमून, घसा बसलेला, आणि इतक्या खूष की त्यांच्या उमेदवाराला जिंकून तेवढा आनंद झाला नसेल. पुढच्या शुक्रवारपासून वरच्या मजल्यावरचा आरडाओरडा मला बेसमेंटमध्ये ऐकू यायला लागला.

पुढे माझं लग्न झालं आणि मी ओटावाला आले. मावशींना आता दिसायला कमी झालंय. टीव्हीवर कोण बोलतोय ते आवाजावरून ओळखतात आणि उत्तर देतात. परवा त्यांना भेटायला गेले होते. नाओमीही होती. दोघींचं कसल्यातरी नव्या करावरून जुंपलं होतं आणि कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नव्हतं. निघताना मावशी दारापर्यंत आल्या. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "तीन वर्षं माझ्या घरात राहिलीस. एकदासुद्धा भांडली नाहीस गो. त्यामुळे तुला काय वाटतं ते मला कधी कळलंच नाही."

मी काहीतरी हसून बोलले आणि गाडीत बसले. ओटावापर्यंत साडेचार तासांचा रस्ता आहे. त्या सबंध रस्त्यात मी मावशींशी भांडत होते. कितीतरी चांगले मुद्दे सुचले.