डोंगरामागचा धूर

त्या उन्हाळ्यात आमच्या अमरावतीच्या कॉलेजकडे एका चाचणीचं काम आलं होतं. सौरऊर्जेवर चालणारं, वैमानिक नसलेलं एक विमान. प्रवासी विमानांच्याही कितीतरी वर, दिवसेंदिवस घिरट्या घालणारं. त्यावर उष्णता टिपणारा कॅमेरा होता आणि फोन जोडून देणारं यंत्र. मी अँटेना घेऊन मेळघाटात, जिथं रेंजच नाही अशा वनचौकीवर गेले. माझा सहकारी अमरावतीत स्क्रीनसमोर बसला.

चौकीवर एक वनरक्षक होती, मूळची अकोल्याची. फोन करायचा तर तिला अर्धा तास टेकडी चढावी लागे. मी अँटेना वर विमानाकडे रोखून लावली, हँडसेट तिच्या हाती दिला आणि म्हटलं, "घरी लाव."

तिनं आईला लावला. "आई, मी चौकीवरूनच बोलून राहिली."

"चौकीवरून? मंग आवाज एवढा साफ काहून येऊन राहिला? सुट्टी घेतली का तू?"

ती हसत सुटली. मला तर जागेवर उभं राहवत नव्हतं. महिनोन्महिने टेबलावर जोडलेलं यंत्र खरंच दोन माणसांना बोलतं करत होतं.

तिनं फोन ठेवला तोच सहकाऱ्याचा आला. "तुमच्या उत्तरेला, डोंगरापलीकडच्या नाल्यात एक ठिपका तापलेला दिसतोय. पसरतोय. कोणी काही जाळतंय का?"

मी तिला विचारलं. ती उत्तरेकडे बघत राहिली. धूर नव्हता, वासही नव्हता. "तिथं कोणी राहत नाही," ती म्हणाली. "वणवाच असन. चला."

दोन वनमजूर आणि आम्ही दोघी जीपनं निघालो. हँडसेट आणि छोटी अँटेना माझ्या मांडीवर. सहकारी वाट सांगत होता, "आता डावीकडे. नाला ओलांडा." वळणावर धूर दिसला.

सागाचा पाचोळा पेटला होता, पण आग अजून गुडघ्याएवढीच होती. मजुरांनी हिरव्या फांद्यांनी ती झोडपली. आम्ही दोघींनी पुढचा पाचोळा ओढून पट्टा मोकळा केला. तासाभरात सगळं विझलं.

तिनं काजळलेल्या हातानं हँडसेट मागितला आणि माझ्या सहकाऱ्याला म्हणाली, "भाऊ, एरवी हा धूर मले संध्याकाळी दिसला असता. तवर अर्धा डोंगर गेला असता."

पलीकडून तो म्हणाला, "ताई, ठिपका थंड होऊन राहिला."