आईची इंग्रजी वाक्यं
नव्या तांदळाच्या भाताचा वास आला की बालाघाटचं आमचं घर आठवतं. आई आणि मी, दोघीच राहायचो. मी शाळेतलं इंग्रजी पाठ करायचे: आधी वस्तू, मग ‘इज’, शेवटी ती कशी आहे ते. सुपातले तांदूळ पाखडता पाखडता आई म्हणाली, “मले बी शिकव न.” मग दिवसभर तिचं राइस इज हॉट, वॉटर इज कोल्ड चालायचं, आणि मी मास्तरणीसारखी “बरोबर” म्हणायचे. नागपूरला शिकायला निघाले, तेव्हा बसच्या खिडकीशी येऊन ती हळूच म्हणाली, “हाउस इज एम्प्टी.” सवयीनं मी “बरोबर” म्हटलं. बस सुटली. आई गेल्यावर यंदा घराचं कुलूप उघडलं, तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं आणि आतून “बरोबर” येईल म्हणून उंबऱ्यातच थांबून राहिले.