बायनाबाईच्या कानातल्या घंटा

"बायनाबाईला मेंढरू नुसतं खोकलं तरी वळखू येतं," असे पाली गावातले शेजारी म्हणत. ते खरेच होते. कळपातली प्रत्येक मेंढी ती आवाजावरून, गळ्यातल्या घंटेवरून ओळखत असे.

मूत्रपिंडाच्या संसर्गासाठी तिला बीडच्या एका दवाखान्यात ठेवले, तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते, "या इंजेक्शनांनी कधी कधी कानांवर परिणाम होतो. कानात आवाज येऊ लागला, तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी सांगा. नाहीतर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं." तिने मान हलवली. ताप उतरला, ती घरी आली, आणि हळूहळू ठार बहिरी झाली. आता इलाज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

पुढे एकदा तिच्या पाठीमागूनच लांडग्याने कोकरू ओढून नेले. कुत्रा भुंकत राहिला; तिला काहीच कळले नाही. मुलाने, सिदूने, कळप विकून टाकला.

रिकाम्या मेंढवाड्यापाशी बसलेल्या सासूला वनमालाने दंडावर सुई टोचल्याची खूण करून, मग कानाला हात लावून विचारले, "आत्याबाई, दवाखान्यात सुया टोचत व्हते तवा कानात कायबी वाजलं न्हाई का?"

"वाजलं की! घंट्या वाजायच्या. मला वाटलं, माझी मेंढरंच बोलावत्यात. त्यात डाक्टरला काय सांगायचं?"