डाव्या चाकाची घरघर

गाडीचं दुखणं काकांना नुसत्या आवाजावरून कळायचं. डायलिसिस केंद्राची आठ जणांची गाडी ते चालवायचे. पेशंटना घरून आणायचं आणि रक्त शुद्ध करून झालं, की त्या थकलेल्या जिवांना पुन्हा घरी सोडायचं, हे त्यांचं काम. बाकीचे ड्रायव्हर गाडी बंद पडल्यावर गॅरेजला नेतात, काका बंद पडायच्या आधी न्यायचे. "मिस्त्री, मागच्या डाव्या चाकाचं ब्रेक लायनर संपत आलंय," म्हणायचे आणि मिस्त्रीने चाक खोललं की खरंच संपलेलं! पुढेपुढे मिस्त्रीने स्वतः तपासणंच सोडलं. काका सांगतील ते चाक खोलायचं, विषय संपला. एकदा माणसाचं नाव झालं की त्यालाही ते सांभाळत बसावं लागतं.

आणि मग एका सकाळी काका उठले ते डावा कान बंद घेऊनच. सर्दी असेल म्हणून वाफ घेतली, नाक दाबून फुंकून पाहिलं. कसलं काय! कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नसच गेली, आता ती परत येणार नाही. काका तिथेच जिन्यात बसले आणि बायकोला म्हणाले, "कुणाजवळ बोलायचं नाही. शप्पथ आहे तुला." केंद्राचा नियमच होता, ड्रायव्हरचे दोन्ही डोळे आणि दोन्ही कान धड हवेत. दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टर समोर बसून विचारायचे, "ऐकू येतं ना नीट?" समोरचं ऐकू यायचंच. काका हो म्हणायचे आणि घरी आले की पाणीसुद्धा न पिता आडवे व्हायचे.

तेव्हापासून बायको त्यांच्या उजव्या बाजूने चालायची, जेवायलाही उजवीकडे बसायची. "माझं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायची सोय गेली हो तुमची," म्हणून हसायची. काका हसायचे नाहीत. त्यांना स्टिअरिंगशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात नवीन काम कोण देतंय? गाडी हातातून गेली की आपण संपलो, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

हेही असंच रेटून नेलं असतं त्यांनी, पण चाकातून आवाज यायला लागला.

आवाज म्हणजे घरघर, म्हातारं माणूस झोपेत घोरतं तशी. वेग वाढला की वाढायची, गाडी उजवीकडे वळली की आणखी वाढायची आणि गाडी रिकामी असली की जवळजवळ नाहीच. काकांनी कान दिला. उजवीकडून येतेय! आता तुम्हीच सांगा, ज्याचा फक्त उजवा कान शिल्लक आहे, त्याला जगातला कुठलाही आवाज उजवीकडूनच येणार की नाही? पण काकांच्या हे ध्यानातच आलं नाही. उलट त्यांना बरंच वाटलं, की चला, एका कानावरही आपलं भागतंय.

"मागचं उजवं बेअरिंग," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं.

मिस्त्रीने रिकाम्या गाडीतून एक चक्कर मारली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. "उस्ताद, नक्की ना?"

"लिहून देतो."

झालं! बेअरिंग बदललं. केंद्र सांभाळणाऱ्या मॅडमनी एका शब्दाने विचारलं नाही. काकांनी सांगितलंय म्हटल्यावर विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी गाडी पेशंटनी भरली आणि घरघर जशीच्या तशी.

शेवटच्या रांगेत डाव्या कोपऱ्यात एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. "काका, माझ्या सीटखाली काहीतरी घरघरतंय," बाई म्हणाल्या. आता पुन्हा गॅरेजला जायचं म्हणजे मॅडम विचारणार, काकांचं चुकलं कसं? आणि तिथून कानापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो?

"बाई, नवंकोरं बेअरिंग टाकलंय," ते आरशात बघत म्हणाले. "गाडीत काही नाही. तुमच्याच कानात भुंगा शिरलाय."

गाडीत हशा पिकला. बाकीची म्हातारी माणसं अर्धी बहिरी, अर्धी पेंगलेली. त्यांना आवाजाशी काय घेणंदेणं? बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी आणखी दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग मॅडमकडे गेल्या. मॅडमनी काकांना विचारलं आणि काका सरळ "काही नाही हो" म्हणाले. मॅडमकडून ते बाईंच्या मुलाला कळलं. त्यानंतर बाई गप्प झाल्या. सीटची दांडी घट्ट धरून, डोळे मिटून बसायच्या.

आवाज मात्र गप्प बसेना. काकांचं जेवण तुटलं. प्रत्येक वळणावर त्यांना वाटायचं, आता चाक निखळणार आणि गाडी या सगळ्यांना घेऊन उलटणार. ते इतकी हळू चालवायचे, की मागचे रिक्षावाले शिव्या घालून पुढे जायचे. गाडी थांबवून सगळं ओकून टाकावं असं रोज मनात यायचं, आणि रोज नोकरी जाऊन घरी बसलेले आपण डोळ्यांपुढे यायचो. बायकोने विचारलं की खेकसायचे. एकदा मात्र ताटावर बसल्याबसल्याच त्यांना रडू फुटलं. "मी मारणार आहे गं त्यांना," म्हणाले. "माझ्या हातून मरणार सगळी."

बायकोने आधी ताट बाजूला केलं. "मग मला बसवा गाडीत," ती म्हणाली.

"तुला काय कळतं गाडीतलं?"

"नसेल कळत. पण कान दोन आहेत मला."

सुट्टीच्या दिवशी गाडी धुवायच्या निमित्ताने त्यांनी ती बाहेर काढली. शेजारी एक बांधकाम चाललं होतं. तिथली वाळूची पोती मागून आणून सीटांवर ठेवली, म्हणजे गाडीवर माणसांइतकं वजन येईल. बायको मागच्या रांगेत उजव्या कोपऱ्यात बसली. घरघर सुरू झाली. मग पोत्यांवरून कशीबशी सरकत ती डाव्या कोपऱ्यात गेली.

"अहो, इथे! इथे खाली आहे. पायाला मुंग्या येतायत माझ्या."

"नीट ऐक. उजवीकडे असणार."

"मी काय बहिरी आहे?" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

काकांनी ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू दिली, नाहीतर ब्रेकनेच चाकं तापली असती. उतरून उजव्या चाकाच्या मध्यावर हात ठेवला. कोमट. मग डाव्या चाकावर ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. बोटं चांगलीच भाजली होती. काका त्याच चाकाजवळ रस्त्यावर बसले. बाई इतके दिवस काय सांगत होत्या आणि आपण काय बोललो! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की बायकोकडे मान वर करून बघवेना.

मिस्त्रीने चाक खोललं. बेअरिंगमधल्या गोळ्या खड्डे पडून खरवडल्या होत्या. "उस्ताद, आणखी चार फेऱ्या केल्या असत्या तर चाक हातात आलं असतं," तो म्हणाला. त्याने काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. काय म्हणतोय ते काकांना दोनदा विचारून घ्यावं लागलं. "म्हटलं, उजव्याच्या जोडीला डावंही बदललं असं सांगतो मॅडमना. कुणाला काय कळतंय?"

काका हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी लोण्यासारखी चालली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या जिवात जीव आला. सुटलो, असंच वाटलं त्यांना. आरशात बाई दिसल्या. दांडी धरून, मान वाकवून त्या सीटखालचा कानोसा घेत होत्या.

केंद्राच्या दारात बाईंचा मुलगा उभा होता. मॅडमही बाहेर आल्या होत्या. बाई उतरल्या आणि मुलाला हळूच म्हणाल्या, "आज नाही आला रे आवाज."

"आई, तेव्हाही नव्हता," मुलगा म्हणाला. मग तो काकांच्या खिडकीशी आला. नेमक्या उजव्या. "काका, तुम्ही त्या वेळी स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. आम्हाला लवकर लक्षात आलं. आज हिला डोक्याच्या डॉक्टरांकडे नेतोय. आता घरी एकटीला ठेवून चालणार नाही. एक चांगली संस्था बघितलीय, तिथे माणसं असतात चोवीस तास."

काकांनी इंजिन बंद केलं. गप्प बसायचं एवढंच काम होतं. मुलगा दोन मिनिटांत गेला असता, मॅडम आत गेल्या असत्या आणि गाडी काकांचीच राहिली असती. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. भाजलेली बोटं ठणकली.

"आवाज होता," ते म्हणाले.

"काय?"

"होता आवाज. डावीकडेच होता, बाई सांगत होत्या तिथेच. काल बेअरिंग बदललं म्हणून बंद झाला. मलाही येत होता रोज." मग मॅडमकडे बघून म्हणाले, "बाजू कळत नव्हती मला, मॅडम. माझा डावा कान गेलाय. दोन वर्षं झाली. चोरून ठेवलं मी."

मॅडमनी किल्लीसाठी हात पुढे केला. रागावल्यासारख्याही दिसत नव्हत्या, उलट त्यांचेच डोळे भरले होते, पण हात पुढे केला. काकांनी किल्ली काढून त्या हातावर ठेवली. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर बोलावून आणला गेला. तो येऊन त्यांच्या सीटवर बसला आणि त्याने आरसा आपल्या बेताने फिरवून घेतला.

काका फाटकापर्यंत गेले. मागून बाई आल्या. त्या डावीकडून काहीतरी बोलत होत्या, हे काकांना सावली दिसली तेव्हा कळलं. बाई थांबल्या, वळसा घालून उजव्या बाजूला आल्या आणि कानाजवळ येऊन पुन्हा म्हणाल्या,

"रोज रात्री मी उशी कानावर दाबून बघत होते हो, आवाज आतून येतोय का म्हणून."