ओली पावलं

आधी बायको, सुनंदा, लोकांकडे सफाईला जायची. पुढे मीही नोकरी सोडली आणि आम्ही घरसफाईची फ्रँचायझीच घेतली. गावाला निघालेले लोक दारात किल्ली देतात. त्यांची गाडी वळली की आमचं काम सुरू. रिकामं घर असतं, तरी आत शिरताना मी बेल वाजवतोच.

आईला हे अजून पटलेलं नाही. "माणूस बाहेर पडल्या पडल्या घर झाडायचं नसतं," ती म्हणते. "मढं उचललं की झाडतात."

आज सकाळी आमची मुलगी होस्टेलला गेली. उशीर झाला म्हणून बाथरूममधून ओल्या पायांनीच दाराकडे पळाली. रिक्षा निघाली आणि सुनंदानं सवयीनं आतल्या बाजूनं कोरडा मॉप फिरवायला घेतला.

"अगं, थांब! आपली पोर गेलीय!" आई ओरडली.

निम्मी पावलं पुसली गेली होती. उरलेली हॉलच्या मधोमध सुरू होऊन दाराकडे गेली होती. जणू घरात कुणी आलंच नव्हतं, नुसतं निघून गेलं होतं.

मॉपला पुन्हा कुणी हात लावला नाही. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. आधी दाराजवळचं पाऊल वाळलं, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्याही अलीकडचं. शेवटचं सुनंदाच्या पायाशी होतं. ते बराच वेळ ओलं राहिलं.