निंबा आप्पांची मुंबई

निंबा आप्पा पिशवी तपासायचे, पण पिशवीत कधी बघायचे नाहीत. सिल्वासाजवळ राखोलीच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात पाळी सुटली की गेटवर रांग लागायची. प्रत्येकाने आपली पिशवी स्वतःच्या हाताने उघडायची, डबा वर उचलून दाखवायचा, आणि तेवढा वेळ आप्पा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. "पिशवीत काय बघायचं?" ते म्हणायचे. "तिला काय लाज? उघडणाऱ्याचं तोंड बघायचं."

मी पर्सोनेल विभागात, म्हणजे इतरांची चौकशी करणाऱ्या खात्यात. पण माझीही सुटका नव्हती. एका संध्याकाळी आप्पांनी मला रांगेतून बाजूला घेतलं. "साहेब, काय लपवताय?"

"काही नाही हो आप्पा. डबा आहे."

"उघडा."

उघडला. आत सकाळची दोडक्याची भाजी जशीच्या तशी.

आप्पांनी माझ्या तोंडाकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. "मला दाखवलात, ठीक आहे. वहिनींना काय दाखवाल?" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्या दिवसापासून मी दोडका कॅन्टीनमागच्या गाईला घालू लागलो. गाय खायची. तीसुद्धा आधी माझ्या तोंडाकडे बघून.

आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. उंच, वाळलेले, खाकी शर्टाचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. सामरवरणीला एका खोलीत एकटेच राहायचे. बायको वारली होती, गावी जमीन नव्हती, घरात वाट पाहणारं कोणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही गेटवर येऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "नव्या गड्यावर नजर ठेवायला."

त्यांचा संशय सर्वांना सारखा मिळायचा. कापून ठेवलेल्या भाजीवर होता, गालातल्या गालात हसणाऱ्या डॉक्टरांवर होता, मोबाईलमधल्या रस्ता दाखवणाऱ्या बाणावर तर फारच होता. "त्याला पाय नाहीत, त्याला काय कळतं किती चालायचं ते!"

आणि असा हा माणूस अख्ख्या कारखान्याला मुंबई सुचवायचा. खान्देशातली पोरं सिल्वासात येतात, वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी जोडून सुट्टी मिळते, वापीहून मुंबई तीन तासांवर. पहिल्यांदा निघालेला पोरगा हटकून आप्पांकडे जायचा, आणि आप्पा रद्द झालेल्या गेटपासच्या मागे पाच ठिकाणं लिहून द्यायचे. पाचच. सोबत तोंडी सूचना. "हसून बोलणारा भेटला की आधी पाकीट चाचपायचं. गोड बोलून रस्ता दाखवणाऱ्याच्या मागे जायचं नाही. जो वैतागून सांगतो, तो खरा." आणि शेवटी न चुकता, "प्रत्येक ठिकाणी सांगायचं, सिल्वासाच्या निंबा आप्पानं पाठवलं."

या शेवटच्या वाक्याने घोटाळा केला.

आप्पांचं वय झालं होतं. एका वर्षाची मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर होता. त्याच आठवड्यात तक्रारपेटीत बिननावाची चिठ्ठी निघाली : गेटवरचे आप्पा मुंबईच्या लॉजवाल्याकडून कमिशन खातात. आमच्या गावात ही गोष्ट कोणालाही पटण्यासारखी. सिल्वासात खोली दाखवणारा खातो, मजूर आणणारा खातो, कोणी कोणाला उगाच चहाची टपरीसुद्धा सुचवत नाही. मॅनेजर देसाईसाहेब म्हणाले, "गेटवाळा माणस खातो असेल तो पछी गेट शाने माटे? जरा जोई लेजो ने." गेटवालाच खात असेल तर गेट कशाला, जरा बघून घ्या; म्हणजे अर्जाचं काय करायचं ते माझ्यावर. सही केली तर आप्पा गेटवर. नाही केली तर सामरवरणीच्या खोलीत, कोणावर नजर ठेवायला?

मी ठरवलं, स्वतःच जाऊन बघायचं. घरी सांगितलं, "मुंबई दाखवतो." मी स्वतः मुंबईला एकदाच गेलो होतो, मुलाखतीला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बायको वैशाली आणि दहावीतली लेक ईशा यांनी तर पाहिलीच नव्हती. दोघी इतक्या खूश झाल्या, की या सहलीमागे चौकशी आहे हे सांगायचा मला धीर झाला नाही.

आप्पांकडे यादी मागितली. त्यांनी आधी माझ्याकडे रोखून पाहिलं. "राहणार आहात?"

"हो. शनिवार, रविवार. बायको, पोरगी, मी."

"राहणार," ते पुन्हा म्हणाले आणि या खेपेला गेटपास नवा घेतला.

रात्रीच्या जेवणानंतर मी ती यादी लाल पेनाने अधोरेखित करत वाचली. वर दादरहूनची बस आणि उतरायचा थांबा. एक : तिसऱ्या गल्लीतली लॉज, सावंत, चष्मा. खोली सातच मागा. स्टोव्ह लावू देतात. दोन : समोरची खाणावळ. मऊ खिचडी, तिखट न घालता मागितली तरी तोंड वाकडं करत नाही. तीन : कोपऱ्यावरचा नारळपाणीवाला, मलई चमच्याने काढून देतो. चार : झेरॉक्सवाला. कागद हरवत नाही. पाच : बदामाच्या झाडाखालचं बाकडं. दोननंतर सावली.

"बाबा," ईशाने यादी उलटीसुलटी करून पाहिली. "यात समुद्र कुठे आहे?"

"असेल जवळपास."

"आणि झेरॉक्स कशाला? आपण मुंबईची झेरॉक्स काढून आणायची का?"

वैशालीने मात्र यादी दोनदा वाचली आणि घडी करून परत दिली. मला त्याचाही संशय आला.

शनिवारी निघालो. वापीच्या रस्त्यावर गुजरातच्या हद्दीत पोलिसांनी दारूच्या बाटलीसाठी पिशव्या तपासल्या. सिल्वासाच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. मी पिशवी उघडताना सवयीने तोंड सरळ ठेवलं. दादरला उतरलो. एका भल्या गृहस्थाने हसून रस्ता सांगितला, म्हणून आम्ही त्याच्या विरुद्ध दिशेने अर्धा तास चाललो. मग एक भेळवाला खेकसला, "डोळे नाहीत का? तिकडून बस पकडा!" त्याचं ऐकलं आणि बरोबर पोहोचलो.

लॉज अरुंद, जिना लाकडी, टेबलामागे चष्मेवाले सावंत. आप्पांचीच विद्या आप्पांवर वापरायची, असं मी गाडीतच ठरवलं होतं. नाव घ्यायचं आणि समोरच्याचं तोंड बघायचं. डोळ्यांत जरा जरी कमिशन चमकलं, की पकडलं.

"सिल्वासाच्या निंबा आप्पांनी पाठवलंय," मी म्हणालो आणि टक लावून पाहू लागलो.

सावंतांनी पेन खाली ठेवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे, मग बराच वेळ ईशाकडे. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पेशंट कोण?"

"पेशंट? कोणी नाही."

"मग आलात कशाला?"

"फिरायला."

"फिरायला?" त्यांनी चष्मा काढला. "इथे?"

वैशाली तोवर खिडकीशी गेली होती. "अहो," ती म्हणाली, "इकडे या. खाली बघा."

खाली रस्ता होता, आणि रस्त्यापलीकडे एका मोठ्या इस्पितळाचं फाटक. फुटपाथवर चटया, चटयांवर पिशव्या, पिशव्यांवर डोकी टेकून माणसं. प्रत्येकाच्या काखेत एक्सरेचा मोठा लिफाफा. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक बाई बदामाच्या झाडाखालच्या बाकड्यावर बसली होती आणि शेजारचा माणूस तिला नारळाची मलई चमच्याने भरवत होता.

लाल पेनाने अधोरेखित केलेली यादी माझ्या खिशात होती. मी ती बाहेर काढली नाही.

सावंतांनी चहा मागवला. "आठ महिने," ते म्हणाले. "आप्पांच्या पत्नी कमलबाई आणि त्यांची बहीण, खोली नंबर सात. त्या खोलीच्या खिडकीतून वॉर्ड दिसतो. आप्पा दर शनिवारी पाळी संपवून यायचे आणि सोमवारी पहाटे परत. पहिल्या दिवशी माझ्याकडे असे बघत होते, जणू आजार मीच दिला. माझं कुलूप काढून स्वतःचं लावलं."

मी तरी पर्सोनेलचाच माणूस. विचारलंच, "आणि ते... माणसं पाठवतात, त्याचं काही त्यांना..."

"कमिशन?" सावंत रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. "ते घ्यायला माणूस यावा लागतो ना, साहेब. बाई गेल्या त्यानंतर आप्पा या शहरात आलेच नाहीत. गावाकडचा कोणी पेशंट असला तर पाठवतात. आणि तुमच्या कारखान्यातली पोरं येतात. आप्पांचं नाव सांगतात, माझ्याकडे उभ्याउभ्या चहा पितात आणि चौपाटीवर जातात. सामानसुमान घेऊन, बायकापोरांसकट राहायला आलेले तुम्ही पहिलेच."

म्हणजे ही यादी कुठली आहे ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. ऑफिसला तेवढं नव्हतं.

राहिलो आम्ही, खोली नंबर सातमध्येच. वैशालीने दुसरीकडे जायला नकार दिला. खाणावळीत मऊ खिचडी खाल्ली. नारळपाणीवाल्याला आप्पांचं नाव सांगितलं, त्यानेही आधी "पेशंट कोण?" विचारलं आणि मग मलई काढून दिली. झेरॉक्सवाल्याकडे आमचं काही काम नव्हतं, तरी ईशाने आप्पांच्या यादीचीच झेरॉक्स काढून घेतली. रविवारी दोननंतर आम्ही बाकड्यावर बसलो. सावली आली. पाच-दहा मिनिटांतच एक जोडपं लिफाफा घेऊन आलं आणि आम्ही उठलो.

निघताना सावंतांनी टेबलाखालून एक पितळी स्टोव्ह काढला. "आप्पांचा. जाताना विसरले की ठेवून गेले, माहीत नाही. तुम्ही न्या."

तो स्टोव्ह घेऊन मी चौपाटीवर गेलो. बसने वीस मिनिटं, फक्त वीस. ईशा पाण्यात पळाली, वैशालीने साडी वर खोचली, आणि मी वाळूत स्टोव्ह पोटाशी धरून उभा. पिशवीत तो मावेना, खाली ठेवला तर कोणी नेईल असं वाटे. आप्पांचा संशय मला चांगलाच लागला होता. एका मुलाने विचारलं, "काका, चहाचा धंदा?" समुद्राच्या आमच्या पहिल्या कौटुंबिक फोटोत बायको आहे, मुलगी आहे, मी आहे आणि मधोमध स्टोव्ह आहे.

सोमवारी सकाळी मी गेटवर पोहोचलो. बाहेरची वस्तू आत न्यायची तर आधी वहीत नोंद करावी लागते, नाहीतर संध्याकाळी ती बाहेर निघत नाही. मी मोठी पिशवी टेबलावर ठेवली.

"काय आहे?" आप्पा नेहमीप्रमाणे माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले.

"उघडतो." मी उघडली.

माझं तोंड काय सांगत होतं कोण जाणे. आप्पांनी नजर खाली केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते पिशवीत बघत होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे. मग मलाच बघवेना. मी फाटकाबाहेरच्या ट्रककडे बघत उभा राहिलो.

मागून त्यांचा आवाज आला, "बाकडं तठेच शे का?"

"तिथेच आहे. सावली दोननंतरच येते."

"हां," ते म्हणाले. वही ओढली. वस्तूच्या रकान्यात लिहिलं, स्टोव्ह एक. मालकाच्या रकान्यापाशी पेन थांबलं, मग त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

मी तिथेच कबूल केलं. "आप्पा, मी फिरायला गेलो नव्हतो. तुमची चौकशी करायला गेलो होतो. कमिशनची."

"माहीत होतं," आप्पा म्हणाले. "यादी मागताना तुमचं तोंड दोडक्याच्या डब्यासारखं झालं होतं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "संशय घ्यायलाच पाहिजे, साहेब. आपल्या दोघांना पगार त्याचाच आहे."

"पण फिरायला जाणाऱ्यांना तीच ठिकाणं का सांगता?"

"एवढ्या मोठ्या गावात मला न फसवणारी चार माणसं आणि एक बाकडं, एवढंच भेटलं. मग सहावं ठिकाण कोणाच्या भरवशावर सांगू?" मग वही मिटत ते म्हणाले, "ती दर रविवारी म्हणायची, समुद्र दाखवा. मी म्हणायचो, बरी हो, पुढच्या रविवारी. कोणाला विचारायला जावं तर लोक लुबाडतील असं वाटायचं."

मी मोबाईलमधला फोटो काढून दाखवला. आप्पांनी मोबाईल हातात घेतला नाही, वाकून लांबूनच पाहिला. मग नाकातून हसले. "माझ्यापेक्षा जास्त मुंबई माझ्या स्टोव्हनं बघितली."

मुदतवाढीवर मी त्याच दुपारी सही केली. चिठ्ठी कोणाची होती ते शोधलं नाही. देसाईसाहेबांना एवढंच सांगितलं, की जोई लीधुं, बघून घेतलं.

ते वर्ष संपलं. कमलबाईंच्या बहिणीच्या घरी राहायला आप्पा शिंदखेड्याकडे निघाले. शेवटच्या दिवशी स्वतःची पिशवी घेऊन रांगेत उभे राहिले आणि टेबलापाशी मला बोलावलं. "तपासा." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी एकेक वस्तू वर उचलून दाखवली : दोन शर्ट, डबा, ईशाने कागदावर छापून दिलेला तो फोटो आणि घासून लख्ख केलेला स्टोव्ह. तोंडावर काहीच लपवलेलं नव्हतं. मी मान हलवली.

जाताना त्यांनी माझ्या हातात गेटपासचा एक गठ्ठा दिला, पुढे मुंबईला निघणाऱ्या पोरांसाठी. प्रत्येकाच्या मागे तीच पाच ठिकाणं, त्याच बारीक अक्षरात. खाली नवीन ओळ होती.

सहा : समुद्र. आहे म्हणतात. साहेबांनी पाहिला. मी पाहिलेला नाही, तरी स्वतः खात्री करून घ्यावी.