लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं

फोन आला तेव्हा मी लॅपटॉपसमोर बसले होते. मुलांसाठी लेखनाचे तीन अभ्यासक्रम उघडून ठेवले होते आणि मनाशी म्हणत होते, वन्सं अलिबागहून आल्या की यातला कुठला घ्यायचा याचा आज सोक्षमोक्ष लावूनच टाकू. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. किहीमला आमच्याच वाडीत, आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. रक्तदाब तपासून येते म्हणून सकाळी रिक्षाने गेल्या होत्या. हॉस्पिटलातून बोलणारी मुलगी म्हणाली, "तुमच्या बाई इथे चक्कर येऊन पडल्यात, लगेच या." मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... आमचे हे जहाजावर, भर समुद्रात. त्यांनी बहिणीचं शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं, तेही रेंज जात-येत असताना.

माझी जुळी मुलं, मुक्ता आणि ओजस, शाळेत जात नाहीत. लॉकडाउनमध्ये घरी बसली ती घरीच रमली. गणित-विज्ञान मी घेते, पुढे मुक्त शाळेची परीक्षा देतील. नातेवाइकांनी यथेच्छ नाकं मुरडली. वन्संनी नाही मुरडलं, आणि खरं तर त्यांचा हक्क होता, कारण त्यांचा सगळा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलेला. "माझ्या शिकवण्याने पोरं लिहायची थांबली," त्या म्हणाल्या, "तुझ्या न शिकवण्याने लिहितात का ते बघू."

कुठली लिहितात! पंधरा वर्षांची घोडी, तीन ओळी लिहून आळस द्यायची. मला बाई सगळं आखीवरेखीव लागतं. आज काय, उद्या काय, किती गुण, सगळं समोर दिसलं पाहिजे. म्हणून मी अभ्यासक्रम धुंडाळायला आणि त्यांचे नमुन्याचे धडे मुलांना द्यायला लागले. पहिला परदेशातला, साचा तिथला आणि भाषा आपण आपली वापरायची. सुरुवातीला मत मांडा, मग तीन कारणं द्या, शेवटी समारोप करा. ओजसने त्यात मासळी बाजार बसवला. "मासळी बाजाराचे मुख्यतः तीन फायदे आहेत." वन्सं हसता हसता ठसकल्या. "अगो मंजू, हा बाजारात मासे घ्यायला गेला होता की उद्घाटनाला?" दुसरा पुण्याचा, त्यात वर्णनासाठी तयार वाक्यं. मुक्ताने लिहिलं, सूर्याने सोनेरी किरणांची शाल पांघरली. वन्सं म्हणाल्या, "किनाऱ्यावर घोडागाडीवाले ओरडतात, भुट्ट्याचा धूर डोळ्यांत जातो. त्यात तुला शाल कुठे दिसली?" मग जरा वेळाने, हळूच, "माझीच आहे ती शाल. आयुष्यभर फळ्यावर मीच लिहून दिली..."

तिसरा अभ्यासक्रम मी उघडला तो त्यांना दाखवण्यासाठीच. पण तोवर त्यांनी स्वतःचं एक सुरू केलं होतं. मुलांनी लिहायचं, पण आपलं आपण वाचायचं नाही. मुक्ताचं ओजसने मोठ्याने वाचायचं, ओजसचं मुक्ताने, आणि लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. "मला असं म्हणायचं होतं" वगैरे चालायचं नाही. वाचणारा जिथे अडखळेल तिथे लिखाण अडखळलं, एवढंच. हे सगळं त्यांच्या पडवीत, दुपारच्या चहानंतर. स्वतः सुपाऱ्या कातरत बसायच्या. रिकामा हात लाल पेनाकडे जातो म्हणायच्या. मी विचारायचे, "अहो वन्सं, याला गुण कसे द्यायचे? परीक्षेत कोण वाचून दाखवणार आहे?" आणि आमची जी जुंपायची! शेजारच्या वाडीत ऐकू जायचं. मला ते भांडण हवं असायचं. सहा-सहा महिने नवरा दर्यावर असला की घरात आपल्या बरोबरीने बोलणारं मोठं माणूस लागतं हो कुणीतरी.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. आणि मी त्यांना मुळीच न आवडलेला तो तीन कारणांचा अभ्यासक्रम घेऊन टाकला. खरं सांगू? रागाने घेतला. न विचारता गेल्या ना, मग मीही विचारणार नाही. कुठेतरी वेडी आशा होती की पलीकडून आवाज येईल, "अगो, काय हे..." कुणी काही म्हणालं नाही. मुलं निमूट लिहीत होती, मी गुण देत होते. पडवीत कुणी बसत नव्हतं. घरात इतकी शांतता, की मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवायला लागले.

मग अभ्यासक्रमात विषय आला, आवडती व्यक्ती. मुक्ताने लिहिलं, "माझ्या आत्याचे तीन प्रमुख गुण होते." शिस्त, प्रेमळपणा, वाचनाची आवड. शुद्धलेखनाची एक चूक नाही. पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. म्हटलं, "मुक्ता, ही आपली आत्या नाही गं."

"माहितीये मला," ती उसळली. "खरं लिहून कुणाला ऐकवू? तू ऐकत नाहीस, आई. तू तपासतेस."

मी पेन खाली ठेवलं. तिने आत जाऊन दुसरा कागद आणला आणि ओजसच्या हातात दिला. तो वाचायला लागला. आत्या रिक्षात बसली आणि परत उतरली. चपला बदलायच्या होत्या. मी म्हटलं, या चांगल्या आहेत की. ती म्हणाली, डॉक्टरसमोर झिजलेल्या चपलांनी जाऊ नये. नव्या घालून गेली. संध्याकाळी आईने त्या पिशवीतून परत आणल्या. तळांना मातीसुद्धा लागली नव्हती...

ओजस थांबला. "पुढे?" मी विचारलं.

"पुढे मी नव्हते," मुक्ता म्हणाली. "हॉस्पिटलात तू होतीस. पुढचं तू लिही."

म्हणून हे लिहिलं. हॉस्पिटलातलं मात्र अजून लिहिता आलेलं नाही, एका ओळीत उरकलंय, सुरुवातीला बघितलंच असेल तुम्ही. मुलांनी ते बरोबर पकडलं. आत्ता पडवीत ओजस हे मोठ्याने वाचतोय, त्या ओळीपाशी दोनदा अडखळला, आणि मुक्ताने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प बसलेय. वन्सं, फार कठीण आहे हो हे.